फोनमधली खोट

थोरलीने फोन उलटा केला, पाठीवर बोटाने टकटक वाजवलं आणि कान लावला. कलिंगड घेतानाही ती असंच करायची.

"मावशी, वाजवून काय कळणार?" दुकानदार म्हणाला. त्याच्या पुढ्यात पोट फाडलेले फोन पडले होते आणि डबीत बारीक स्क्रू. "वापरलेला असला तरी माल एक नंबर आहे. आवाज ऐका नुसता." त्याने गाणं लावलं. दुकान दणाणलं.

"बंद करा ते. कोणाचा होता हा?"

"कॉलेजातल्या एका मुलीचा. मॉडेल जुनं आहे, पण फुलासारखा वापरलाय."

"मग विकला कशाला?"

"नवा घेतला तिने."

"हा चांगला होता तर नवा कशाला घेतला?"

"लोक घेतात, मावशी."

"मी नाही घेत," थोरली म्हणाली आणि फोन उजेडात तिरका धरून काचेवर चरा शोधू लागली.

तिचा स्वतःचा फोन पर्समध्ये होता. बोलण्याऐकण्यापुरता तो अजून ठणठणीत होता. पण धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. दोघींची भाषा हातांची, लहानपणी पायरीवर बसून दोघींनीच जुळवलेली आणि तिसऱ्या कोणाला न येणारी. आता धाकटी लांब, भाच्याकडे राहायला गेली होती. तिथे तिला खोली होती, वेळेवर औषध होतं, माया होती. गप्पा मारायला मात्र कोणी नव्हतं. रोज दुपारी ती फोनसमोर येऊन बसायची, आणि थोरलीच्या जुनाट पडद्यावर तिची बोटं एकमेकांत मिसळून नुसतं धुकं व्हायचं. परवा ती काहीतरी महत्त्वाचं सांगत होती. पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी हात मांडीवर ठेवून गप्प बसली.

ते मांडीवरचे हात बघवले नाहीत, म्हणून थोरली आज इथे आली होती. दुकानदाराला यातलं काही तिने सांगितलं नव्हतं. आपली नड कळली की दुकानदार डोक्यावर बसतो.

"इथूनच एक फोन लावून बघते. समोरचं माणूस दिसतं तसला."

"इथे नेट फार रडतं हो. घरी जाऊन निवांत लावा."

"इथे नाही लागला तर घरी कशावरून लागेल?"

"लागतो हो. तुम्ही पुन्हा एकदा आवाज ऐका ना."

थोरलीने चष्मा नाकावर सरकवला आणि फोन काउंटरवर ठेवला.

"मघापासून तुम्ही मला ऐकवताय, भाऊ. बोलू मात्र देत नाही. काय लपवलंय ते सांगा, नाहीतर मी ही उठले."

दुकानदाराने पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे. शेवटी हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत म्हणाला, "माइक गेलाय. तुम्हाला पलीकडचं ऐकू येईल, पण तुमचा आवाज पलीकडे जायचा नाही. एकदा दुरुस्त केला होता, पुन्हा बसला."

"आणि चित्र?"

"चित्र आरशासारखं आहे. खरंच सांगतो."

थोरलीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एक खोट कबूल करणारा माणूस तिच्या आडोशाला दुसरी झाकतो, हे तिने पुष्कळ पाहिलं होतं.

"माझं कार्ड घाला यात. लावा फोन."

"अहो, पण तुमचं तिकडे ऐकूच…"

"लावा हो."

त्याने निमूटपणे कार्ड घातलं, बरीच खटपट करून फोन लावून दिला आणि स्क्रूच्या डबीला टेकवून उभा केला.

धाकटी पडद्यावर आली. आधी केस दिसले, मग कपाळ, मग हात. दहाच्या दहा बोटं सुटी. अंगठ्याजवळचा भाजल्याचा जुना डागसुद्धा दिसला. थोरलीने हात वर केले आणि विचारलं, परवा काय सांगत होतीस?

धाकटीने मागे वळून दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं. मग भराभर सांगितलं. इथल्या जेवणात मीठ नसतं. कोणाला सांगू नकोस.

थोरली ओठ चावून हसली. तेवढ्यात धाकटीला थोरलीच्या खांद्यामागे वाकलेला दुकानदार दिसला. तिने भुवया उंचावल्या: हा कोण? थोरलीने एका मुठीत अदृश्य भांडं धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यात वरून धार ओतली. धाकटीने डोळे बारीक करून दुकानदाराला नीट न्याहाळलं आणि तीच खूण परत केली.

"ह्या मला काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

थोरलीने आडपडदा ठेवला नाही. "लहानपणी आमच्याकडे एक दूधवाला यायचा. दुधात पाणी घालायचा. तेव्हापासून लबाड माणसाची आमची ही खूण."

दुकानदाराने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि फोनसमोर येऊन वाकला. एका मुठीत भांडं धरलं, दुसऱ्या हाताने सावकाश धार ओतली. आणि तो हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

धाकटी बघतच राहिली. उभ्या आयुष्यात तिच्याशी त्या भाषेत तिसरं कोणी बोललं नव्हतं.

मग ती हसली. स्वतःचं हसणं कधी न ऐकलेल्या माणसासारखी, घोगरं, भसाडं, पोटातून. मघाच्या गाण्यासाठी फोनचा आवाज पुरता वाढवलेला होता. रस्त्यावरून जाणारे दोघेजण थांबून आत डोकावले. दुकानदाराचा हात घाईघाईने आवाजाच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," थोरली म्हणाली, आणि तिने पर्स उघडली.