कानाच्या आकाराची पेशी

"चित्र आधी उलटं धर. सुलट चित्रात माणूस स्वतःला हवं तेच बघतो."

सर जाऊन चार वर्षं झाली, तरी कोणी नवं चित्र टेबलावर ठेवलं की ताईंच्या कानात हे वाक्य वाजे. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. सर एकेकाचं चित्र उलटंपालटं करून बघत. ताईंनी आणलेल्या चित्रावर मात्र न उलटवता सही करत. आता सहीचं ते काम ताईंकडे होतं.

त्या गुरुवारी विभागप्रमुख स्वतः खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"ताई, त्या नव्या मुलीची चित्रं बघितलीत?"

"वरवर."

"सरांनी दाखवलं होतं, आपले ते डोळ्यांचे थेंब घातल्यावर पेशी जशाच्या तशा राहतात. लोक वर्षानुवर्षं घालताहेत ते थेंब. आणि हिच्या चित्रात पेशींच्या चिंध्या! एक तर हिला काम येत नाही, नाहीतर हिने चित्रांत फेरफार केलाय. उद्या समिती बसतेय. तुम्ही 'संशयास्पद' एवढं लिहून द्या. प्रबंध रद्द, विषय संपला."

"बघते," ताई म्हणाल्या.

"आणि जुन्या फिल्मच्या कपाटाची किल्ली जागेवर नाही. काय ते समजून घ्या."

ताई समजल्या. आठवडाभर त्यांचं त्या मुलीवर लक्ष होतं. त्या आत आल्या की ती पडद्यावरचं चित्र घाईघाईने झाकायची. व्हरांड्यात सरांचं ते गाजलेलं चित्र फ्रेम करून लावलं होतं. डावीकडे थेंबांआधीच्या पेशी, उजवीकडे थेंबांनंतरच्या. मुलगी मोबाइल घेऊन तिथेच घुटमळायची. ताई स्वतः त्या फ्रेमसमोरून नेहमी खाली मान घालून जात. लोक म्हणत, श्रद्धा असावी तर अशी.

दुपारी त्यांनी मुलीची सगळी चित्रं काढली. उलटी करून बघितली, उजेड वाढवून बघितली, कडा न् कडा तपासली. कुठे जोड नाही, पुसापुशी नाही. चाळीसच्या चाळीस खरी.

ताईंनी सहीचं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

तेवढ्यात मुलगी डबा घेऊन आली. "ताई, जेवायला चला."

"आज गुरुवार."

"हो की, तुमचा नेम! एवढी वर्षं उपाशी राहताय, देवाने काही दिलं तरी का?"

"मागितलंच नाही काही." ताईंनी चष्मा काढून पुसला. "किल्ली कुठे आहे?"

मुलीचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. मग तिने कोटाच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"सांगणारच होते. पण तुमचा सरांवर एवढा जीव..."

"काय शोधत होतीस?"

मुलीने व्हरांड्यातल्या चित्राचे दोन्ही भाग छापून आणले होते. ते तिने शेजारी शेजारी मांडले. "ही डावीकडची पेशी बघा. अगदी कानासारखी. आता उजवीकडचं उलटं करते."

तिने कागद फिरवला. कान बरोबर त्याच जागी आला. त्याच्याभोवतीच्या सगळ्या पेशीही.

"एकच चित्र आहे, ताई. थेंबांआधीचंच. तेच उलटं करून नंतरचं म्हणून छापलंय. मी कपाट उघडून बघितलं. नंतरच्या फिल्मच्या पाकिटात नुसती काळी पट्टी आहे."

ताई चित्रावर वाकल्या नाहीत. "उद्या समितीला सांगणार आहेस हे?"

"कोण ऐकणार? म्हणतील, स्वतःची लाज झाकायला वारलेल्या माणसावर चिखल उडवते. आणि खरं सांगू, सरांचं नाव घ्यायला जीभच रेटत नाही. आई हेच थेंब घालायची. तिचे बंद केले. प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो."

"जेवून घे. गार होतंय."

मुलगी समोर बसून गपचूप जेवू लागली. ताईंना दवाखान्यातली ती खाट आठवली. सरांनी त्यांचा हात घट्ट धरला होता. "खोटं चित्र सापडलं तर ज्याने केलं त्याचं नाव वर कळव. माणूस कितीही जवळचा असो. देतेस वचन?" ताईंनी दिलं होतं.

त्यांनी मुलीच्या चित्रांच्या यादीखाली 'सर्व चित्रं खरी' असं लिहून सही केली. मग खणातून तक्रारीचा कोरा अर्ज काढला.

मुलीचा घास हातातच राहिला. "नको ना ताई. गुरू होते ते तुमचे."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

मुलगी पलीकडच्या बाजूला होती. तिला अर्ज उलटा दिसत होता. ती एकेक अक्षर लावत गेली. 'घटना: गुरुवारी डार्करूमचं दार उघडं राहिलं. थेंबांनंतरच्या फिल्मला उजेड लागला. भीतीपोटी आधीचीच फिल्म उलटी छापून सरांना दिली.' वर 'चित्र कोणी तयार केलं' असा रकाना होता. त्यात सरांचं नाव नव्हतं. खाली सहीच्या जागी जे नाव होतं, तेच वरही होतं.

ताईंनी अर्ज घडी न घालता उचलला, किल्ली घेतली आणि विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाल्या. फ्रेमसमोरून जाताना आज त्यांची मान वर होती.