धोंडीची घागर

तीन आठवडे पाऊस नव्हता. सोयाबीनच्या शेंगा पोचट राहायला लागल्या, तशी मेडशीतल्या बायांनी धोंडी काढली. अंगभर कडुनिंबाचा पाला बांधलेली धोंडी दारोदार फिरत तुळसाबाईच्या अंगणात आली, तेव्हा आभाळात पहिल्यांदाच काळा ढग चढला होता. आता तिनं धोंडीच्या डोक्यावर घागर ओतायची, एवढंच बाकी होतं.

तुळसाबाईनं घागर उचलली आणि वर विमानाची घरघर ऐकू आली. विमान ढगापर्यंत गेलं, ढगात शिरलं आणि एकदम दिसेनासं झालं.

"वत ना वं तुळसे!" शेजारची यमुनाबाई ओरडली. "इमानानं ढग पांगते. साऱ्या गावात तुह्यंच सोयाबीन जास्त सुकून राह्यलं, अन् तू वर काय पाहून राह्यली?"

तुळसाबाईनं घागर खाली ठेवली. कमरेला खोचलेला मोबाइल काढून हातात घट्ट धरला.

"पांगू दे," ती म्हणाली. "ढग किती ऊन अडवते ते मोजाले माही पोरगी निकिता त्याच इमानात गेली हाये. उतरली का फोन करतो म्हने. तवरोक मी पानी वतत नाई."