काचेची बांधी

"एकदा लावलं का मंग काहीच करा लागत नाही," असं छातीठोक सांगून पवनीच्या मनिषनं खिडकीजवळची बायकोची शिलाई मशीन पलंगाखाली ढकलली आणि तिथं माशांची काचेची टाकी मांडली. टाकीत माती, मातीत नागपूरहून आणलेली पाण्यातली झाडं. "मशीन उजेडात ठेवू द्या न जी," असं खुशबू सहा महिने म्हणत राहिली. "ब्लाऊज कुठंबी शिवता येते, झाडायले उजेड लागते," हे त्याचं ठरलेलं उत्तर. बायकोला अंधारात सुई ओवायला लावून गवताला ऊन दाखवणारा हा माणूस स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत होता.

रविवारी तो केस कापून घरी आला, तर आसगावहून आलेली त्याची आई, धुरपताबाई, टाकीपाशी स्टुलावर बसलेली. सारा जन्म धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, तण उपटण्यात गेलेली बाई. हात कोपरापर्यंत ओले, पायाशी उपटलेल्या झाडांचा ढीग, आणि गढूळ पाण्यात मासे बावचळून फिरत होते.

"आई! हे काय केलं वं?"

"निंदण केलं न बाप्पा! केवढा कचरा माजू देल्ला तू! धानाच्या बांधीत एवढा दिसला असता, त तुह्या बापानं मले घरात घेतलं नसतं."

आईवर ओरडायची सोय नव्हती. दात खात त्यानं विचारलं, "पण तुले सांगितलं कोणं?"

 

"सूनबाईनंच त परवा फोन केला. 'आई, निंदाले बाया भेटून नाही राहिल्या, तुम्हीच या' म्हणे."