दिपालीचा सुळा

“रविवारच्या आत बसवा बाई, काय बी करून,” बायडाबाई म्हणाली. “पाव्हनं यायचं हायेत.”

दातांच्या खुर्चीत पडलेली तिची लेक दिपाली छताकडं बघत होती. वरच्या ओळीत डावीकडं तिला खिंडार होतं. तिथला सुळा कधी आलाच नव्हता. पोरगी नाकीडोळी नीटस, पण हसू आलं की हात आधी तोंडावर. मागच्या एका स्थळानं तेवढ्यावरून नाक मुरडलं होतं. आता बायडाबाईच्या नणंदेनं, रतनबाईनं, शेवगावकडचं स्थळ आणलं होतं. पोरगं धडधाकट. दसऱ्याआधी बार उडवला की नवरा-बायकोची जोडी ह्याच हंगामात ऊसतोडीला जाईल, असं बायडाबाईच्या नवऱ्यानं, सहादेवनं, परस्पर बोलूनही टाकलं होतं. म्हणून मायलेकी सकाळच्या जीपनं पाथर्डीला दातांच्या दवाखान्यात आल्या होत्या.

प्रार्थना डॉक्टरीणबाई मूळच्या नगरच्या. वयानं तरुण, पण बोलण्यात कसली घाई म्हणून नाही. त्यांनी दोन वाटा समजावून सांगितल्या. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन दात घासून बारीक करायचे, त्यांना टोप्या घालायच्या आणि त्या दोघांच्या आधारानं मधे खोटा दात धरायचा. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्याच्यावर दात बसवायचा, पण त्याला महिने लागतात.

“मग पयलंच करा,” बायडाबाई म्हणाली. लग्नघाईत महिने कुणाकडं असतात?

“वय काय हिचं?”

“अठरा पुरी झाली,” बायडाबाईनं झटक्यात सांगून टाकलं. घरून घोकूनच आली होती.

“आधी फोटो काढून बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पोरीला यंत्रात उभं केलं. ते तिच्या डोक्याभोवती गुरगुरत फिरलं आणि जरा वेळानं टेबलावरच्या पडद्यावर दिपालीचा अख्खा जबडा उमटला. बायडाबाई पुढं वाकली. पोटची पोर, नऊ महिने वागवलेली, पण आतून अशी ती कधी दिसली नव्हती. दोन्ही ओळी पांढऱ्याफेक. मधे ते काळं खिंडार. आणि त्याच्या वर, पार नाकाच्या बाजूला, डॉक्टरीणबाईंचं बोट थांबलं.

तिथं एक दात आडवा निजला होता. टोकदार, पुरता वाढलेला, कुठं डाग नाही की कीड नाही.

“हा हिचाच सुळा, मावशी. यायला निघाला होता. वाट चुकला आणि आतच राहिला.”

बायडाबाई उठून उभीच राहिली. पावसानं जमीन आवळून गेली की बाजरीचा कोंब वर न येता आडवा सरकतो, तसा तो दिसत होता. इतकी वर्षं तिनं मनात एकच धरलं होतं. दुधाचा दात पडला की घरावर टाकायचा, म्हणजे नवा येतो. सगळं गाव टाकतं. पण दिपालीचा हा दात पडला तो परमुलखात, ऊसतोडीला गेल्यावर. घर कुठलं तिथं? तिनं तो उसाच्या पाचटाच्या कोपीवर, तेवढ्यापुरत्या झोपडीवर टाकला, आणि हंगाम संपल्यावर कोपी मोडून टाकली. आपल्यामुळंच पोरीचा दात बुडाला, हे तिनं सहादेवला सुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आणि दात तर आला होता. तो तिथंच होता, पोरीच्या गालाआड, रोज भाकरी खाताना, झोपताना, रडताना.

“ह्यो भायेर येईल व्हय?” तिचा आवाज कापरा झाला होता.

“येईल. हिरडी जरा उघडून त्याला बारीक साखळी लावायची, बाकीच्या दातांना तारा बांधायच्या आणि हळूहळू खाली ओढायचा. दीडेक वर्ष जाईल. ब्रिज म्हणाल तर आठवड्यात होतो. पण दोन चांगले दात घासले जातील आणि हा आत तसाच राहील.”

“आन ते स्क्रूचं?”

“ते आत्ता करताच येत नाही. जबडा अजून वाढतोय हिचा.” डॉक्टरीणबाईंचं बोट पडद्यावर अगदी मागं सरकलं. “ह्या अक्कलदाढा बघा. मुळं धड फुटली नाहीत अजून.” मग त्या हळूच म्हणाल्या, “अठरा नाही झाली ही, मावशी.”

आवाजात राग नव्हता. म्हणूनच बायडाबाईला मान वर करवेना. पण त्या चित्रावरून नजरही हलेना. तिची स्वतःची अक्कलदाढ उसाच्या फडात आली होती. थोरलं पोर कडेवर, गाल सुजलेला, आणि डोक्यावर मोळी. कुणी विचारलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते आज आठवलं. तिच्या आत तेव्हा काय काय वाढायचं राहिलं होतं, ते बघायला असं यंत्र नव्हतं.

आणि इथं लेकीच्या आत सगळं जागच्या जागी वाट बघत होतं. देवानं ठेवलेलं. बायडाबाईनं पडद्यासमोर नकळत हात जोडले.

तेवढ्यात पिशवीतला मोबाईल वाजला. रतनबाई होती.

“काय वैनी, झालं का काम? मी पाव्हण्यास्नी रविवारचं पक्कं सांगू ना?”

बायडाबाईनं खुर्चीतल्या दिपालीकडं बघितलं. पोरीनं खुर्चीची कड घट्ट धरली होती. सहादेव घरी आकांडतांडव करणार, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तरी तिचा आवाज आता स्थिर होता.

“नका सांगू, वन्सं. येऊ नका म्हनावं त्यास्नी.”

“का गं? दाताचं जमलं न्हाई?”

“जमलं की. पर लेकरू हाय माझं अजून. दात यायचाय तिला.”