सोनाबाईचा पाय

कळंबच्या सोनाबाईला चार पावलं टाकली की पोटरीत कळ यायची. मुलगा प्रवीण मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा, "तुजं वय झालंय आये, दुखनारच पाय. काय नाय होत." अंगठा काळा पडायला लागला तेव्हाही साहेबांचं हेच पालुपद.

शेवटी साजगावहून लेक नम्रता आली आणि तिनं आईला गाडीत घालून थेट पनवेलला नेलं. "अजून आठवडा गेला असता, तर पाय कापावा लागला असता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जांघेतून रक्तवाहिनीत बारीक नळी सरकवली. नळीच्या टोकाला सोनोग्राफीचं इवलंसं यंत्र होतं. आत साचलेला चरबीचा थर पडद्यावर बघत बघत त्यांनी तो खरवडून काढला. थंडगार पडलेल्या पावलात ऊब आली.

प्रवीण उगवला तो डिस्चार्जच्या दिवशी, नवा शर्ट घालून. डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून त्यानं फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आईचा पाय वाचवला.' दोन दिवसांत गावातल्या मंडळानं 'आजचा श्रावणबाळ' म्हणून त्याचा बॅनर लावला. तिसऱ्या दिवशी सत्काराला मंडळी दारात आली. प्रवीणनं शालीसाठी खांदे पुढे केले आणि आत हाक मारली, "आये, ये गं भायेर, फोटो काढायचाय."

दारातल्या गर्दीतून शेजारची पारूमावशी म्हणाली, "ती सकाळीच पिशवी घेऊन चालत स्टँडवर गेली रं. आता लेकीकडंच राहनार हाय."