धुळीचा बंदोबस्त

"अहो मुबीनभाई, वेड लागलं की काय? काल ऑइल टाकून धूळ बसवलीत आणि आज स्वतःच माती फेकताय!"

मधुसूदनराव आपल्या फाटकातून ओरडले. मुबीननं मान वर केली नाही. समोरच्या प्लॉटवरच्या मुरमाच्या ढिगात घमेलं खुपसायचं, भरायचं, पळत जाऊन उतारावरच्या वळणावर ओतायचं, एवढंच त्याचं चाललं होतं. पन्नाशीचा माणूस, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

कुरुळीच्या या बंगल्यांच्या सोसायटीत रस्ता काही होत नव्हता आणि धुळीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. म्हणून मुबीननं आपल्या गॅरेजातलं जळकं ऑइल आणून वळणावर शिंपडलं. कौतुक तर काय विचारता! मुबीनभाई म्हणजे देवमाणूस, असं जो तो म्हणाला.

"यावर पाणी कुणी मारलं?" मुबीननं धापा टाकत विचारलं.

"मीच. काय तो वास! म्हटलं, पाइप लावून जरा धुऊन काढावं."

"अहो साहेब, तेलावर पाणी? चालता चालता माझाच पाय सटकला. सिदरा येईल आता कंपनीतनं, स्कूटरवर. फोनपण उचलत नाही पोरगी."

"काही होत नाही हो! तरणी पोर आहे, येईल सावकाश. उगाच जिवाला घोर. ती माती आधी थांबवा बघू."

मुबीन भ्यायला होता. वळणाच्या कडेलाच नव्या बंगल्याचा पाया खणलेला होता आणि खड्ड्यात सळया उभ्या होत्या. पुढं जाऊन गाडी अडवावी, तर वरून दोन रस्ते येऊन इथं मिळत होते. सिदरा कुठल्या रस्त्यानं येईल, कुणी सांगावं? त्यानं पुन्हा घमेलं भरलं. अजून निम्मं वळण काळंभोर चकाकत होतं.

तेवढ्यात स्कूटर दिसली.

"ब्रेक मारू नको! सिदरा, ब्रेक नको!"

बापाला असं हातवारे करताना पाहून तिनं नेमका ब्रेकच दाबला. मागचं चाक सरकलं, गाडी आडवी होत खड्ड्याकडं गेली. या अल्ला! मग चाकाखाली मुरूम आला, टायरनं पकड घेतली आणि सिदरानं पाय टेकला. खड्डा हातभर राहिला होता.

मुबीननं हँडल घट्ट धरलं. त्याला हुंदकाच फुटला.

"अब्बा, मी ठीक आहे. रडू नका ना."

मधुसूदनराव सावकाश चालत खाली आले. "बघा, आली की नाही सुखरूप? आता पुरे करा हे मातीचं. उद्या पुन्हा सगळ्यांच्या घरात धूळ."

सिदरानं हेल्मेट काढलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काका, काकूंना कुणीतरी थांबवा. नाक्यावर भेटल्या होत्या. स्कूटरवर माझ्या मागेच आहेत."

मधुसूदनरावांनी उताराकडं पाहिलं, एकदा या रस्त्याकडं, एकदा त्या. "अरुंधती!" त्यांनी हाक मारली. वरून कुठूनतरी हॉर्न ऐकू आला.

घमेलं मुबीनकडं होतं. मधुसूदनराव ढिगावर गुडघे टेकून बसले आणि पांढऱ्या सदऱ्याचा ओचा करून दोन्ही हातांनी त्यात माती भरू लागले.