दारासुरमच्या पुढचं वळण

“थांबू नका काकू, बोलत राहा. काहीही बोला,” शिवप्रसाद फोनवर ओरडून म्हणाला. मागे त्याच्या स्कूटरचा आवाज येत होता.

भवानीकाकू कुंभकोणमच्या आपल्या घरात, पंख्याखाली खुर्ची ओढून बसल्या होत्या. शिवप्रसाद शेजारच्या धनलक्ष्मीचा मुलगा, तोही मराठी घरातलाच. मोबाइल टॉवरच्या कामावर होता. दारासुरमच्या पुढे बोलता बोलता फोन तुटतात अशी लोकांची ओरड होती. नेमकं कुठे तुटतात हे पाहायला तो पट्टीश्वरमकडे निघाला होता, आणि त्याला गावात बसून बोलत राहणारं कुणीतरी हवं होतं.

“काय बोलू रे?”

“सकाळपासून काय केलंत ते सांगा.”

काकू चाचरत बोलू लागल्या. नवरा, व्यंकोबाराव, गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी नव्हतं. दूधवाला, भाजीवाली, बँकेतली मुलगी, सगळ्यांशी तमिळ. आधी शब्द अडखळले, मग येत गेले. भाजीवाली एक वांगं द्यायला तयार नाही, एकटीनं अर्धा किलो वांगी खायची कशी? मग मागच्या नळाचं सांगितलं. मग रसम उतू गेलं ते. मग खूप दिवसांनी कपाट आवरलं ते.

“ऐकतोस ना?” त्यांनी विचारलं.

फोन केव्हाच बंद पडला होता.

काकूंनी तो मांडीवर ठेवला. परत लावला नाही. कंटाळला असेल पोर, ठेवला असेल. नुसत्या बसून राहिल्या.

थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. “तुटला, काकू.”

“तू ठेवलास.”

“मी कशाला ठेवीन? लाइन गेली.” तो खुशीत होता, त्याला जागा सापडली होती. “स्कूटर पुढे जाते तसा माझा फोन एका टॉवरच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. पुढच्यानं धरलं की मगच मागचा सोडतो, आपल्याला कळतही नाही. इथे मागच्याला पुढच्याची ओळखच करून दिलेली नाही. पुढचा जवळच उभा आहे, पण हा त्याला हाक मारत नाही. ताणून ताणून धरतो, आणि मग सुटतं.”

“कोठे सुटतं?”

“दारासुरमच्या पुढच्या वळणावर.”

काकू उठून उभ्या राहिल्या. “बसमधल्या माणसाचाही?”

“सगळ्यांचाच. येताना, जाताना. पुष्कळ दिवसांपासून आहे हे.”

गेल्या वर्षी व्यंकोबाराव विकायच्या साड्यांचं गाठोडं घेऊन पट्टीश्वरमला गेले होते. सकाळपासून छाती जड होती. जाऊ नका म्हटलं तरी गेले. परतताना बसमधून फोन केला, “दारासुरम येतंय आता. बघ, मला काही झालं नाही. उद्या आडुतुरैलाही जाऊन येतो.” काकू भडकल्या. “मग तिकडेच राहा, घरी येऊ नका,” म्हणाल्या. तिकडून काहीच आलं नाही. रागानं फोन ठेवला, असं त्यांना वाटलं. त्याही हट्टाला पेटल्या, परत लावला नाही. कुंभकोणमच्या स्टँडवर सगळे उतरले, तेव्हा कंडक्टर त्यांना उठवायला गेला; ते उठले नाहीत.

हे काकूंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“शिवा, माझं शेवटचं काय ऐकलंस तू?”

“मघाशी?” तो आठवू लागला. “वांगी. ती बाई एक देत नव्हती, ते.”

“त्याच्या पुढे? नळाचं? रसम?”

“नाही. तुटायच्या आधी थोडा वेळ आवाज पोचतच नाही, काकू. बोलणाऱ्याला वाटतं, ऐकताहेत.”

काकूंनी खुर्चीची पाठ धरली. म्हणजे त्यांनीही ते ऐकलं नसेल. किंवा ऐकलंही असेल. त्या बसमध्ये, त्या वळणावर, तेही हॅलो हॅलो करत राहिले असतील. नंतर वाट पाहिली असेल, हिचा फोन येतो का याची.

“काकू, आहात ना?”

“आहे.”

“ऑफिसला कळवतो. आजच होईल. मग परत एकदा बोलायचं हं.”

“सरि,” काकू म्हणाल्या. बरं, एवढाच त्याचा अर्थ, पण तो तमिळमध्ये आला.

ऊन उतरल्यावर पुन्हा फोन आला. दोन्ही टॉवरची जोडणी झाली होती. काकू बोलू लागल्या. या खेपेला शब्द शोधावे लागत होते. त्यांनी घरातल्या वस्तू सांगितल्या, एकेक, दिसतील तशा. भिंतीवरचा फोटो आला तेव्हा थांबल्या, मग त्याच्या शेजारचं घड्याळ सांगितलं.

“वळण गेलं, काकू!” शिवप्रसाद ओरडला. “एक शब्द सुटला नाही!”

त्या बोलतच राहिल्या. तोही ऐकत राहिला. पट्टीश्वरमच्या देवळासमोर त्यानं स्कूटर थांबवली.

“पोचलो. काम झालं माझं. ठेवू आता?”

उत्तर आलं नाही. त्यानं फोन पाहिला. लाइन चालू होती. काकूंच्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“ठेवू नका,” काकू म्हणाल्या.

त्याच्या लहानपणापासून त्या त्याला अरे-तुरेच करत आल्या होत्या.

“नाही ठेवत,” शिवप्रसाद म्हणाला, आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यानं स्कूटर बंद केली.